डावीकडे ऊन, उजवीकडे सावली : नाशिकमधील ‘ब्रेन लाइट थेरपी’च्या सव्वीस सिटिंगचा अनुभव

माझी मोठी बहीण, जिला घरात सगळेच अक्का म्हणतात, ती गेल्या दिवाळीपासून एकच चहा दोनदा टाकू लागली. पहिला कप ओट्यावर निवत असे आणि अक्का पुन्हा आधण ठेवत असे. सिन्नरजवळच्या प्राथमिक शाळेत तिने एकतीस वर्षे मुलांना पाढे शिकवले. एकोणतिसाचा पाढा ती आजही न अडखळता म्हणते, पण सकाळी सिलिंडर देऊन गेला की नाही हे तिला दुपारी सांगता येत नाही. तिचे वय ७४ आहे. न्यूरॉलॉजिस्टनी बी-१२, थायरॉइड आणि एमआरआय पाहून झाल्यावर ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’ असे निदान लिहून दिले, म्हणजे विसराळूपणा वयाच्या मानाने जास्त आहे, पण रोजचे व्यवहार अजून स्वतःचे स्वतः होत आहेत, अशी मधली अवस्था. या अवस्थेवर हमखास लागू पडणारी गोळी नाही, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. घरच्यांना नेमके हेच वाक्य सहन होत नाही आणि तिथूनच जाहिरातींचा शोध सुरू होतो.

अक्काचा मुलगा पुण्याला असतो. त्याला मोबाइलवर नाशिकच्याच एका केंद्राची जाहिरात दिसली: डोक्यावर हेल्मेट घालायचे, त्यातील दिव्यांतून न दिसणारा प्रकाश कवटीतून मेंदूपर्यंत जातो आणि मेंदूच्या पेशींना ‘चार्ज’ करतो. वीस सिटिंग, अठरा हजार रुपये, म्हणजे एका सिटिंगला नऊशे. न्यूरॉलॉजिस्टना विचारले तेव्हा ते म्हणाले की अपाय होण्याची शक्यता कमी आहे, उपयोग होईल असे मी सांगू शकत नाही, आणि चालू असलेली कोणतीही गोळी त्यासाठी बंद करायची नाही. एवढ्या बळावर आम्ही फेब्रुवारीत नाव नोंदवले. केंद्राचे नाव मी मुद्दाम देत नाही. जे घडले ते त्या एकाच जागेपुरते असेल असे मला वाटत नाही, आणि त्यांनी शेवटी माझे म्हणणे ऐकूनही घेतले.

माझ्याबद्दल एवढेच सांगणे आवश्यक आहे की सातपूर औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्याच्या कॅलिब्रेशन विभागात मी नोकरीची अठ्ठावीस वर्षे काढली. मायक्रोमीटर असो, प्रेशर गेज असो किंवा साधा तापमापक, त्यावर शेवटच्या तपासणीची आणि पुढच्या तपासणीची तारीख असलेला स्टिकर नसेल तर ते उपकरण आमच्या शॉप फ्लोअरवर जात नसे. ही सवय निवृत्तीनंतरही गेलेली नाही. पहिल्याच दिवशी मी हेल्मेट उलटेपालटे करून स्टिकर शोधला. तो नव्हता.

केंद्र गंगापूर रोडच्या बाजूला एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर आहे. जागा स्वच्छ आहे, तीन आरामखुर्च्या, मध्ये पडदे, कोपऱ्यात पाण्याचा जार. सिटिंग वीस मिनिटांचे. तिथे काम करणारी मुलगी अतिशय मायाळू आहे. तिने अक्काला पहिल्या दिवसापासून ‘आजी’ म्हटले, चष्मा उतरवून डबीत ठेवला, डोळ्यांवर काळा गॉगल चढवला, केस दोन बाजूंना विंचरून भांग मोकळा केला आणि हेल्मेट घालून हनुवटीखालचा पट्टा लावला. बटण दाबले की हेल्मेटमधला छोटा पंखा घुर्रर्र करू लागतो. दिवे लागले की नाही हे मात्र डोळ्यांना कळत नाही, कारण ८१० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश माणसाला जवळजवळ दिसतच नाही. या एका गोष्टीवर पुढचे सगळे रामायण घडले, म्हणून ती आधी नीट सांगतो.

आपल्याला तांबडा रंग साधारण ७०० नॅनोमीटरपर्यंत दिसतो. त्यापलीकडेही काहीतरी आहे हे १८०० साली विल्यम हर्शेल यांनी एका साध्या तापमापकाने दाखवले होते: लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्याच्या पुढे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथेही पारा चढला. तांबड्यापलीकडच्या या न दिसणाऱ्या पट्ट्यातला तांबड्याला लागून असलेला भाग म्हणजे निकट-अवरक्त (इन्फ्रारेड) प्रकाश. तो शरीरात शिरतो याचा पुरावा करोनाच्या काळात प्रत्येकाच्या घरात होता. बोटाला लावायचा ऑक्सिमीटर तांबड्या आणि अवरक्त अशा दोन प्रकाशांच्या आधारेच रक्तातील ऑक्सिजन ओळखतो. कमी तरंगलांबीचा प्रकाश रक्तातील हिमोग्लोबिन गिळून टाकते आणि जास्त तरंगलांबीचा शरीरातील पाणी गिळते. या दोहोंच्या मधोमध जी खिडकी उरते तिच्यात ८१० नॅनोमीटर येते. १९७७ मध्ये फ्रान्स योब्सिस यांनी हाच प्रकाश डोक्यातून पार करून मेंदूतील ऑक्सिजनची स्थिती बाहेरून पाहता येते हे दाखवले. म्हणजे कवटीतून प्रकाश जातो ही थाप नाही. किती जातो, हा प्रश्न आहे.

उपचार म्हणून या प्रकाशाची गोष्ट अपघाताने सुरू झाली. १९६७ च्या सुमारास बुडापेस्टमध्ये एन्ड्रे मेस्टर हे लेसरचा उंदरांवर काय परिणाम होतो ते तपासत होते. प्रयोगासाठी उंदरांची कातडी भादरलेली होती आणि मंद लेसर पडलेल्या जागी केस लवकर उगवले. पुढे तीना कारू यांच्यासारख्या संशोधकांनी त्याची पेशीतील फोड केली. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकाँड्रियामध्ये सायटोक्रोम सी ऑक्सिडेज नावाचे विकर असते, ते हा प्रकाश शोषते. त्यावर चिकटून बसलेले नायट्रिक ऑक्साइड सुटे होते, ऑक्सिजनचा वापर वाढतो, पेशीला जास्त ऊर्जा मिळते आणि आसपासच्या रक्तवाहिन्या थोड्या सैल होतात, असे हे स्पष्टीकरण आहे. बशीत वाढवलेल्या पेशींवर आणि उंदरांवर त्याला बऱ्यापैकी आधार आहे. या उपचाराला आता फोटोबायोमोड्युलेशन म्हणतात. केंद्रातील मुलगी त्याला ‘पीबीएम’ म्हणते आणि अक्का ‘टोपी’ म्हणते.

उंदराची कवटी कागदासारखी पातळ असते आणि माणसाची तशी नसते, हे मात्र जाहिरातीत कोणी लिहीत नाही. माणसाच्या डोक्यात प्रकाशाला आधी केस ओलांडावे लागतात, मग टाळू, मग रक्ताने भरलेले थर, मग हाड, मग मेंदूभोवतीचे पाणी. या वाटेवर बहुतेक प्रकाश शोषला किंवा विखुरला जातो आणि मेंदूच्या वरच्या थरापर्यंत फार तर काही टक्के, कित्येकदा त्याहूनही कमी, पोहोचतो. केंद्राने दिलेल्या माहितीपत्रकावर दर चौरस सेंटिमीटरला २५ मिलीवॅट असा आकडा होता. वीस मिनिटांचे १,२०० सेकंद धरले तर टाळूवर दर चौरस सेंटिमीटरला ३० ज्यूल पडतात. त्यातले दोन टक्के आत पोहोचले असे उदारपणे धरले तरी ०.६ ज्यूल उरतात. शिवाय हे हेल्मेट सेकंदाला ४० वेळा लुकलुकते असे त्याच पत्रकात लिहिले आहे. मग २५ मिलीवॅट हा आकडा दिवा पेटलेला असतानाचा की लुकलुकण्याची सरासरी काढून? अर्धा वेळ दिवा बंद राहत असेल आणि आकडा पेटलेल्या क्षणाचा असेल, तर सगळे गणित निम्म्यावर येते. हा प्रश्न मी रिसेप्शनवर विचारला, केंद्र चालवणाऱ्या फिजिओथेरपिस्ट डॉक्टरांना विचारला आणि त्यांच्या मार्फत यंत्र विकणाऱ्यालाही विचारला. तिघांचेही उत्तर एकच होते: वीस मिनिटे.

माझी या सेवेविषयीची मुख्य तक्रार हीच आहे. औषधाच्या दुकानात आपण ‘पाच मिनिटे पॅरासिटामॉल द्या’ असे म्हणत नाही, मिलिग्रॅम विचारतो. इथे मात्र मात्रेऐवजी वेळ विकला जातो. आणि या उपचारात मात्रेचा प्रश्न इतर कशाहूनही नाजूक आहे, कारण प्रयोगशाळेत असे वारंवार दिसले आहे की कमी प्रकाशाने काहीच होत नाही, मध्यम प्रकाशाने पेशी सुधारतात आणि जास्त प्रकाशाने तो फायदा पुसला जातो. केसांचेही तसेच. काळ्याभोर, दाट केसांच्या माणसाला आणि टक्कल पडलेल्या माणसाला एकच हेल्मेट, एकच वीस मिनिटे. अक्काच्या डोक्याला रोज खोबरेल तेल असते, त्याने हेल्मेटच्या आतील पारदर्शक आवरणावर चिकट थर बसतो. तो पुसण्यासाठी तिथे कापड ठेवले आहे, पण पुसायचे कधी याचा नियम नाही. मी स्वतः रोज पुसत असे.

भिंतीवर एक मोठे चित्र आहे. त्यात हेल्मेटमधून निघालेल्या लाल रेषा थेट मेंदूच्या पोटात शिरताना दाखवल्या आहेत आणि तिथे ‘स्मरणकेंद्र’ असे लिहिले आहे. स्मरणशक्तीशी निगडित असलेला हिपोकॅम्पस हा भाग कानशिलाच्या आतल्या बाजूला, पृष्ठभागापासून कित्येक सेंटिमीटर खोल असतो. जो प्रकाश मेंदूच्या सालीपर्यंत पोहोचताना जिकिरीला येतो तो गाभ्यात पोहोचतो असे चित्र काढणे हे चित्रकाराचे स्वातंत्र्य झाले. वरच्या थरावरील परिणाम किंवा रक्तप्रवाहातील बदल यांतून आतल्या भागाला आडून फायदा होत असेल, असे या उपचाराचे अभ्यासक म्हणतात, आणि ते अशक्य नाही. पण मग चित्र तसे काढावे.

त्याच भिंतीवर ‘एफडीए रजिस्टर्ड’ असा शिक्का आहे. नाशिककरांसाठी एफडीए म्हणजे सणासुदीला भेसळीचा खवा पकडणारे अन्न व औषध प्रशासन, त्यामुळे आमच्या शेजारच्या खुर्चीवरचे गृहस्थ ‘सरकारने पास केलेले आहे’ असे समजून निर्धास्त होते. शिक्का अमेरिकेच्या एफडीएचा आहे. तिथेही कंपनीने नाव नोंदवणे आणि उपकरणाला एखाद्या आजारासाठी मान्यता मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे हे ती संस्था स्वतःच सांगते. चाळीस वेळा लुकलुकण्यामागे सांगितला जाणारा ‘एमआयटीचा शोध’ही असाच ओढूनताणून आणलेला आहे. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत ली-ह्वेइ त्साय यांच्या गटाने २०१६ मध्ये सेकंदाला ४० वेळा लुकलुकणारा उजेड वापरून जो प्रयोग केला तो उंदरांवर होता आणि तो उजेड उंदरांनी डोळ्यांनी पाहिला होता. डोळ्यांवर काळा गॉगल लावून डोक्यावर न दिसणारा प्रकाश पाडणे हे त्याचे उदाहरण होऊ शकत नाही.

माणसांवर खरोखर मोठी चाचणी झाली ती पक्षाघाताच्या रुग्णांवर. झटका आल्यापासून २४ तासांच्या आत ८०८ नॅनोमीटरचा लेसर डोक्यावर ठरावीक वीस ठिकाणी द्यायचा, अशी पद्धत होती, आणि लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की त्यासाठी रुग्णांचे केस भादरले जात. ‘नेस्ट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या मालिकेतील पहिल्या चाचणीत १२० रुग्ण होते आणि निकाल आशादायक आला. दुसरीत ६६० रुग्ण होते आणि मुख्य निकष थोडक्यात हुकला. तिसरी सुमारे हजार रुग्णांची व्हायची होती. मध्यावर आकडे पाहिले तेव्हा उपचाराचा फायदा दिसत नव्हता, म्हणून ती थांबवण्यात आली. मेंदूला मार लागलेल्या रुग्णांवरील २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६८ जणांच्या चाचणीत उपचार सुरक्षित आहे एवढे ठामपणे दिसले. विस्मरणाबाबत ज्या अभ्यासाचा या क्षेत्रात नेहमी दाखला दिला जातो त्यात पाच रुग्ण होते, बारा आठवडे उपचार झाला आणि तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पाच जण म्हणजे आमच्या सोसायटीचा एक मजला. यावरून उपचार खोटा ठरत नाही. अजून ठरायचा आहे, एवढेच म्हणता येते. मला त्यात गैर काही वाटत नाही. गैर वाटते ते न ठरलेल्या गोष्टीचे ठरलेल्या दराने पॅकेज करणे.

आता घडलेली गोष्ट.

चौथ्या सिटिंगला अक्का हेल्मेटखालून म्हणाली, “अगं, आज डावीकडे ऊन आहे आणि उजवीकडे सावली.” मुलगी हसून म्हणाली, “आजी, तुम्ही बाहेरून आलात ना उन्हातून, म्हणून.” मीही हसलो. पाचव्या वेळी अक्का तेच म्हणाली. तेव्हा मला वाटले की ती कालचे वाक्य पुन्हा म्हणते आहे, कारण हल्ली ती तसे करते. सहाव्या आणि सातव्या दिवशीही ती काहीतरी पुटपुटली. मी त्या वेळी वर्तमानपत्र वाचत होतो.

नवव्या सिटिंगला वीज गेली. इन्व्हर्टर सुरू होईपर्यंत पंखा बंद पडला आणि पुन्हा घुरघुरू लागला. दिवेही पुन्हा लागले असतील का, अशी शंका माझ्या मनात आली आणि त्याबरोबरच एक जुनी युक्ती आठवली. टीव्हीच्या रिमोटचा दिवा डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाइलच्या कॅमेऱ्यातून पाहिला तर जांभळट पांढरा लुकलुकताना दिसतो. मागच्या कॅमेऱ्यावर अवरक्त प्रकाश अडवणारी काच पुष्कळदा पक्की असते, म्हणून पुढच्या, सेल्फीच्या कॅमेऱ्याने पाहावे. सिटिंग संपल्यावर मी मुलीला हेल्मेट पालथे धरून बटण दाबायला सांगितले आणि मोबाइल आत धरला. डावा भाग चांदण्यांनी भरल्यासारखा दिसत होता. उजव्या कानाच्या वरच्या दोन पूर्ण ओळी काळ्या होत्या. मुलीचा चेहरा उतरला. तिने माझ्या हातातला मोबाइल घेऊन स्वतः पाहिले, मग स्वतःचा मोबाइल काढून पाहिले.

कारण सरळ होते. असे दिवे बहुधा माळेत जोडलेले असतात. माळेतला एक दिवा तुटला किंवा डाग दिलेला सांधा सुटला की ती पूर्ण माळ विझते, दिवाळीतल्या माळेचे होते तसेच. पंखा मात्र वेगळ्या जोडणीवर असल्यामुळे फिरत राहतो. यंत्राचा पडदा वेळ मोजत राहतो आणि वीस मिनिटे झाली की गोड आवाज करतो. प्रकाश पडतो आहे की नाही हे मोजणारे त्या यंत्रात काहीच नव्हते. होती ती फक्त अक्का.

इथे मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. संशोधनात हा प्रकाश न दिसणे फार सोयीचे असते: अर्ध्या रुग्णांना विझलेले हेल्मेट घातले तरी डोळ्यांना ते कळत नाही आणि तुलना निखळ होऊ शकते. पण जे चाचणीत ठरवून करतात तेच दुकानात नकळत घडू शकते, आणि ते घडले तेव्हा तिथे असलेल्या तीन माणसांपैकी जिच्या स्मरणशक्तीवर उपचार चालू होता तिनेच ते बरोबर ओळखले होते, रोज सांगितले होते, आणि कॅलिब्रेशनमध्ये आयुष्य घालवलेल्या भावाने ते तिच्या आजाराच्या खात्यात टाकले होते. घरी जाताना रिक्षात मी तिला म्हणालो, “अक्का, तुझे बरोबर होते.” ती म्हणाली, “कशाबद्दल?”

केंद्राच्या डॉक्टरांचे वागणे सुरुवातीला बचावाचे होते आणि नंतर सरळ झाले. आधी त्यांनी दोन ओळी गेल्याने फारसा फरक पडत नाही असे सांगून पाहिले. मी विचारले की बाकीच्या दिव्यांनी फरक पडतो हे तुम्ही कशावरून म्हणता, तेव्हा ते गप्प झाले. दिवे कधीपासून बंद होते याची त्यांच्याकडे नोंद नव्हती, कारण तपासणीची वहीच नव्हती. माझ्याकडे अक्काची साक्ष होती: चौथे सिटिंग ते नववे, म्हणजे सहा. विस्मरणाच्या रुग्णाच्या सांगण्यावरून हिशेब करायला ते तयार झाले, हे मी त्यांच्या बाजूने नोंदवतो. पैसे परत मिळाले नाहीत, पण सहा सिटिंग विनामूल्य मिळाली, पाच दिवसांत दुसरे हेल्मेट आले आणि नव्या हेल्मेटचे आतले दिवे माझ्या मोबाइलवर दाखवल्यावरच त्यांनी ते अक्काला घातले. दुसऱ्या खुर्चीवरचे ते निर्धास्त गृहस्थही जुने हेल्मेट वापरत होते का, हे मी विचारले. त्याचे उत्तर मिळाले नाही.

परिणामाबद्दल लोक सगळ्यात आधी विचारतात. उपचारापूर्वी न्यूरॉलॉजिस्टकडे झालेल्या मोका या स्मरणशक्ती आणि विचारशक्ती तपासणाऱ्या प्रश्नोत्तरांच्या चाचणीत अक्काला ३० पैकी २२ गुण होते. सव्वीस सिटिंग झाल्यावर २३ आले. २६ आणि त्यावर साधारण समजतात. एका गुणाचा फरक त्या दिवशीच्या झोपेने, नाश्त्याने किंवा चाचणी आधी एकदा दिलेली असल्यानेही पडतो, असे न्यूरॉलॉजिस्ट म्हणाले आणि ते मला पटते. केंद्रात मात्र ‘आधी १९, नंतर २४’ असे कागद फ्रेम करून लावले आहेत. दहा दिवसांनी तीच प्रश्नपत्रिका पुन्हा दिली तर गुण वाढतात, हे अक्काच्या चौथीच्या वर्गालाही माहीत होते. घरी मी वही ठेवली होती. दुसऱ्यांदा चहा टाकण्याचे प्रसंग पहिल्या दोन आठवड्यांत पाच झाले, शेवटच्या दोन आठवड्यांत तीन. झोप थोडी सुधारली. पण या काळात ती आठवड्यातून चार दिवस नीट साडी नेसून बाहेर पडत होती, रिक्षात माझ्याशी बोलत होती, एका तरुण मुलीशी रोज गप्पा मारत होती, आणि परतताना आम्ही कधी सोमेश्वरला नदीच्या बाजूला बसत होतो. हेल्मेटचा वाटा यातून वेगळा काढण्याचे कोणतेही गेज माझ्याकडे नाही.

अपाय म्हणाल तर दोनदा हलके डोके दुखले, संध्याकाळपर्यंत थांबले. गॉगलबाबत मात्र निष्काळजीपणा दिसला. रुग्णाला तो मिळतो, पण हेल्मेट पालथे धरून पुसणाऱ्या मुलीला नाही. दिसणारा प्रखर उजेड डोळ्यांवर पडला तर पापणी मिटते. या प्रकाशाला पापणी मिटत नाही, कारण डोळ्याला तो कळतच नाही. मी हे बोललो तेव्हा तिने माझ्यादेखत एक गॉगल स्वतःसाठी बाजूला ठेवला. फिट्स येणाऱ्यांनी आणि प्रकाशाला त्वचा संवेदनशील करणारी औषधे घेणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय इथे जाऊ नये. केंद्राच्या अर्जात फिट्सचा प्रश्न आहे, औषधांचा नाही.

वीस सिटिंगनंतर ‘मेंटेनन्स पॅकेज’ असते, महिन्याला चार सिटिंग याप्रमाणे तीन महिने, नऊ हजार रुपये. ते आम्ही घेतले नाही. न्यूरॉलॉजिस्टनी गेल्या भेटीत अक्काच्या कानांची तपासणी करायला सांगितली होती आणि आम्ही ती हेल्मेटच्या नादात पुढे ढकलत होतो. ऐकू कमी येणे हे उतारवयातील स्मृतिभ्रंशाच्या टाळता येण्याजोग्या मोठ्या कारणांपैकी एक मानले जाते. तपासणीत डाव्या कानाला बराच कमीपणा निघाला. सिलिंडर आला की नाही हे ती विसरत होती, की बेलच तिला ऐकू येत नव्हती, याचा विचार आता आम्ही घरी करतो आहोत. नऊ हजार तिकडे वळवले आहेत.

ज्यांना तरीही जायचे असेल त्यांच्यासाठी: इमारतीला लिफ्ट आहे पण दुपारी पुष्कळदा बंद असते आणि जिना उंच आहे, म्हणून गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी सकाळची वेळ घ्यावी. पार्किंग नाही. पावती मागितल्याशिवाय देत नाहीत, मागितली की तक्रार न करता देतात. डोक्याला तेल लावून जाऊ नये. स्वच्छता आणि वागणूक यांना मी पाचपैकी साडेचार देईन, उपकरणाच्या देखभालीला एक, जाहिरातीच्या खरेपणाला एकही नाही.

शेवटच्या दिवशी पैशांचा हिशेब पुरा करून निघताना पडद्यापलीकडच्या खुर्चीवर एक नवीन बाई बसल्या होत्या. मुलीने हेल्मेट पालथे धरले, आपला मोबाइल आत नेऊन एकेक ओळ पाहिली, मग ते त्यांच्या डोक्यावर चढवले आणि पट्टा लावता लावता विचारले, “काकू, दोन्हीकडे ऊन लागतंय ना?”